गोळीच्या आधीची वर्षं

रक्तदाबाची गोळी आपल्याकडे केव्हाच घरची झाली आहे. सकाळी चहाआधी ती घेतली जाते, गावाला निघताना आठवणीने पिशवीत टाकली जाते, आणि तिच्यावरून कुणी वाद घालत नाही. थायरॉईडच्या गोळीचंही तसंच. कोलेस्टेरॉलची गोळी मात्र डॉक्टरांनी लिहून दिली की घरात खल सुरू होतो. ‘लगेच कशाला? आधी खाण्यात बदल करून बघ.’ ‘एकदा सुरू केली की आयुष्यभर सुटत नाही.’ ‘लिव्हरवर परिणाम होतो म्हणे.’ ‘शेजारच्या काकांचे पाय त्यानेच दुखायला लागले.’ चिठ्ठी फ्रिजवरच्या चुंबकाखाली पडून राहते, सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं जातं, आकडा थोडा खाली-वर झालेला असतो आणि खल पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

यातली एकही शंका मला वेडगळ वाटत नाही. ज्याचं काहीही दुखत नाही, जो जिना दम न लागता चढतो, त्याला एका छापील आकड्याच्या आधारावर उरलेलं सगळं आयुष्य गोळी घ्यायला सांगायचं, म्हणजे मागणं मोठं आहे. त्या मागण्याला प्रश्न विचारलेच पाहिजेत. माझी तक्रार एवढीच आहे की प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या जागी विचारला जातो. गोळी चांगली की खाणं चांगलं, असा सामना लावला की त्यात दोन्हीकडच्या खऱ्या गोष्टी हरवतात.

आमच्या घरात हा प्रश्न दोन माणसांपुढे दोन वेगळ्या रूपांत आला. आमचे वडील बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. दादाच्या छातीत अठ्ठावन्नाव्या वर्षी कळ आली आणि एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला. मी पन्नाशी ओलांडली तेव्हा माझं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, १५८ निघालं. एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलेली आम्ही दोघं. तरी दादाला आणि मला मिळालेलं उत्तर एक नव्हतं, आणि ते एक का नसावं हे समजून घेताना मी बरंच वाचलं, बऱ्याच जणांना विचारलं.

वाचताना पहिली ओळख झाली ती अकिरा एंडो यांची. जपानच्या उत्तरेकडच्या अकिता प्रांतात, शेतकऱ्याच्या घरी, १९३३ साली जन्मलेला हा माणूस. लहानपणापासून बुरशी आणि अळंबी यांचा नाद, आणि आदर्श कोण तर बुरशीतून पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग. साठच्या दशकात ते संशोधनासाठी न्यूयॉर्कला राहिले आणि तिथे हृदयविकाराने किती माणसं जातात ते त्यांनी पाहिलं. टोकियोला सांक्यो या औषध कंपनीत परतल्यावर त्यांनी एक तर्क मांडला: काही जंतूंना जगायला कोलेस्टेरॉलच्या कुळातली द्रव्यं लागतात, तर आपल्या शेजारच्या जंतूला मारण्यासाठी ती द्रव्यं बनवण्याची प्रक्रियाच बंद पाडणारं काहीतरी एखादी बुरशी तयार करत असेल. १९७१ पासून दोन वर्षं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६,००० बुरश्या तपासल्या. हवं ते सापडलं क्योटोमधल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेल्या बुरशीत. द्रव्याचं नाव ठेवलं कॉम्पॅक्टिन. उंदरांवर त्याचा काही उपयोग दिसेना, तेव्हा एका सहकाऱ्याच्या अंडी घालणाऱ्या कोंबड्यांवर ते देऊन पाहिलं, आणि कोंबड्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या आजच्या सगळ्या स्टॅटिन गोळ्यांचं मूळ तिथे आहे.

एंडोंची पुढची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटली. चीनमध्ये लाल बुरशी चढवलेला तांदूळ शेकडो वर्षं रंगासाठी, स्वादासाठी खाल्ला जातो. त्या कुळातल्या बुरशीतून १९७९ साली एंडोंनी एक द्रव्य वेगळं काढलं. १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेलं पहिलं स्टॅटिन, लोव्हास्टॅटिन, आणि ते द्रव्य एकच आहेत. रेणू तोच. ताटात आला तर अन्न, पट्टीत आला तर केमिकल. म्हणून ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल तांदळाच्या कॅप्सूल कुणी औषधाला पर्याय म्हणून घेताना दिसलं की मला काळजी वाटते. त्यांतही स्टॅटिनच असतं, फक्त किती आहे ते मोजलेलं नसतं, आणि घेणाऱ्याचं यकृत किंवा स्नायू कुणी तपासत नाही.

आता शरीर आतून काय करतं ते थोडं सांगते, कारण ते कळल्यावर माझी बरीच भीती गेली. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपण खात नाही, ते शरीरच बनवतं, आणि रक्तात हिंडणारे एलडीएलचे कण उचलण्याचं मुख्य काम यकृत करतं. यकृताच्या पेशींवर ते कण पकडून आत ओढणारी प्रथिनं असतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या डलासच्या दोन डॉक्टरांनी ती शोधली आणि १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. स्टॅटिन यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन कमी करतं. पेशीला तुटवडा जाणवतो, मग ती ही प्रथिनं वाढवते आणि रक्तातलं एलडीएल जास्त उचलते. आता इसबगोलाचं बघा. गुजरात-राजस्थानात पिकणारा हा भुसा पाण्यात पडला की लगेच बुळबुळीत होतो. आतड्यात तो पित्तातली आम्लं धरून ठेवतो आणि बाहेर नेतो. पित्त कोलेस्टेरॉलपासूनच बनतं. यकृताला नवीन पित्त करावं लागतं, तुटवडा पडतो, प्रथिनं वाढतात, रक्तातलं एलडीएल उचललं जातं. ओट्स, बार्ली, राजमा, हरभरा, भेंडी यांतला चिकट तंतूही याच वाटेने काम करतो. तूप-खोबऱ्यातल्या संपृक्त चरबीने हीच प्रथिनं कमी होतात, म्हणून त्यांचं प्रमाण घटवलं की एलडीएल उतरतं. गोळी आणि ताट एकमेकांचे शत्रू असल्यासारखं आपण बोलतो खरं, पण दोघांचं काम अखेर यकृताच्या त्याच पेशींवर जाऊन पोचतं. फरक पडतो तो किती आणि किती काळ यात.

किती, हे आधी पाहू. टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी २००३ मध्ये एक अभ्यास छापला. कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या ४६ माणसांचे तीन गट करून महिनाभर एका गटाला साधा कमी चरबीचा आहार, दुसऱ्याला तोच आहार आणि लोव्हास्टॅटिन, आणि तिसऱ्याला निवडक पदार्थांचा आहार दिला: सोयाबीनची प्रथिनं, बदाम, ओट्स-बार्ली-इसबगोल, वनस्पतींतले स्टेरॉल घातलेलं मार्जरिन. चिकट तंतूसाठी त्यांनी निवडलेल्या भाज्या होत्या भेंडी आणि वांगी. औषधाच्या गटात एलडीएल जवळजवळ ३१ टक्के उतरलं, खाण्याच्या गटात जवळजवळ २९ टक्के. हे वाचून मला फार उमेद आली. पण त्याच जेनकिन्स यांनी २०११ मध्ये, माणसं आपापल्या घरी, आपापल्या बाजारातून आणून खातात तेव्हा काय होतं ते पाहिलं, आणि सहा महिन्यांनी घट निघाली १३-१४ टक्के. प्रयोगात अन्न तयार करून हाती दिलं होतं. घरी ते कुणीतरी रांधायचं असतं.

हे कुणीतरी कोण, ते आपल्याला माहीत आहे. दादाचा स्टेंट बसल्यावर वहिनी दोन स्वयंपाक करायला लागल्या. एका कढईत घरच्यांची आमटी, दुसऱ्यात दादाची. आमचं माहेर कोल्हापूरचं. रविवारी तांबडा आणि पांढरा रस्सा होणार; तांबड्यावर बोटभर कट आणि पांढऱ्यात नारळाचं दूध. वडील गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभे राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन यायचे आणि ते तब्येतीचं लक्षण मानलं जायचं. तालमीत घाम गाळणाऱ्या पोराला ते पचतही असेल. दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर बसणाऱ्या आमच्या वडिलांना ते नको होतं, पण त्या काळी हे सांगणारं कुणी नव्हतं. त्या घरात आता वहिनी चमच्याने तेल मोजत होत्या. ‘आहाराने करू, औषध नको,’ असं पुरुष मोठ्या निर्धाराने म्हणतात तेव्हा त्या निर्धाराची मेहनत बहुधा दुसऱ्याच्या हातांनी होत असते. आहार फुकट असतो आणि गोळीला पैसे पडतात, हा हिशेब मला म्हणूनच मान्य नाही. जनऔषधी केंद्रातली साधी स्टॅटिनची गोळी चहाच्या कपाहून स्वस्त पडते. वहिनींच्या तासांची किंमत कुणी मांडत नाही.

तरी आहाराची बाजू मी सोडणार नाही. माझ्या ताटात मी काय केलं ते सांगते. घरात मी एकटीच राबणारी आणि एकटीच ठरवणारी, त्यामुळे मला सोपं गेलं. वाटीभर ओट्सची धिरडी किंवा ओट्स-ज्वारीचं थालीपीठ सकाळी. दुपारी भाकरी, पालेभाजीत किंवा वांग्यात मूठभर हरभरे, ताक. तेलाची किटली गॅसजवळून उचलून कपाटात ठेवली. हाताशी नसली की दुसऱ्यांदा ओतली जात नाही. फोडणीला शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल, पळीने न घालता चमच्याने. दाण्याचं कूट ठेवलं, कारण दाण्यातली चरबी बहुतांश असंपृक्त असते आणि कोशिंबिरीतून ते काढलं तर कोशिंबीर खाववत नाही. नागपूरच्या मैत्रिणीने जवसाची चटणी शिकवली. सुकं खोबरं वाटणातून कमी केलं. वरणभातावर तुपाचा थेंब सणासुदीला. बेकरीची खारी आणि नानकटाई पूर्ण बंद, कारण तिथे वनस्पती तूप असतं. २०२२ पासून अन्नातल्या ट्रान्स चरबीवर दोन टक्क्यांची मर्यादा आली आहे हे खरं, पण खारीच्या लाद्यांत संपृक्त चरबी तरी उरतेच. संध्याकाळी जेवणाआधी इसबगोल पाण्यात ढवळून लगेच प्यायचा. दोन मिनिटं थांबलं तर त्याचा लगदा होतो आणि घशाखाली उतरत नाही. वरून आणखी एक ग्लास पाणी. दिवसाला सुमारे १० ग्रॅम इसबगोलाने एलडीएल सरासरी १३ मिलिग्रॅमच्या आसपास उतरतं, असं बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब सांगतो.

अंड्याचं मी काही केलं नाही. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलने रक्तातलं कोलेस्टेरॉल फार थोडं हलतं, आणि अमेरिकेच्या आहार-सल्ल्यातली रोज ३०० मिलिग्रॅमची मर्यादा २०१५ मध्ये काढून टाकली गेली. आपल्याकडची मोठी अडचण वेगळीच आहे. भात, पोळी, साखर, गोड चहा आणि बैठं काम यांनी ट्रायग्लिसराइड वाढतात आणि चांगलं एचडीएल कमी राहतं. ही जोडी आपल्या लोकांत फार दिसते. तुपावर राग काढून बिस्किटांकडे वळलेली कितीतरी घरं मी पाहिली आहेत.

काही महिन्यांनी माझा आकडा १५८ वरून १३१ झाला. म्हणजे १७ टक्के. मला आनंद झाला, आणि आनंद व्हावा असंच ते होतं.

आता दुष्परिणामांकडे येते, कारण खरी भीती तिथे आहे. ती हवेतून आलेली नाही. ओसाकाचे डॉ. अकिरा यामामोतो यांनी १९७८ मध्ये कॉम्पॅक्टिन पहिल्यांदा ज्या रुग्णाला दिलं ती अठरा वर्षांची मुलगी होती. जन्मजात दोषामुळे तिचं कोलेस्टेरॉल १,००० च्या घरात होतं. औषधाने ते उतरलं, पण तिच्या स्नायूंत अशक्तपणा आला. डोस फार मोठा होता. तो कमी केल्यावर पुढच्या रुग्णांत त्रास न होता गुण आला. म्हणजे स्टॅटिनच्या इतिहासातल्या अगदी पहिल्या माणसालाच स्नायूंचा त्रास झाला होता. पुढे २००१ मध्ये सेरिव्हास्टॅटिन नावाचं एक स्टॅटिन बाजारातून मागे घ्यावं लागलं, कारण स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडं बंद पडल्याने ५० हून अधिक माणसं दगावली होती. मोठे डोस आणि चरबी उतरवणाऱ्या दुसऱ्या एका औषधाशी पडलेली जोडी ही त्यातली ठळक कारणं होती. हे लपवून कुणाला गोळी देऊ नये. आज वापरात असलेल्या स्टॅटिनमध्ये असा प्रकार अत्यंत विरळा आहे, हेही त्याच दमात सांगावं.

रोजच्या पायदुखीचं काय? दादाच्या मांड्या दुखायला लागल्या. जिना उतरताना धरून उतरायचा, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. ‘ही तुमची गोळी मला पांगळा करणार,’ म्हणाला. मी त्याच्याजवळ बसून त्याच्या पोटऱ्या चोळल्या आहेत; ते दुखणं खोटं नव्हतं. डॉक्टरांनी सीपीके, म्हणजे स्नायूंची इजा दाखवणारं रक्तातलं द्रव्य, तपासलं, ते ठीक होतं. मग ते म्हणाले, ‘गोळी थांबवा. तीन आठवड्यांनी या. आणि थायरॉईड पण करून आणा.’ गोळी थांबली, दुखणं थोडं हललं, पण गेलं नाही. थायरॉईड मंद निघालं. थायरॉईड मंद असलं की स्नायूही दुखतात आणि कोलेस्टेरॉलही चढतं, आणि त्यात स्टॅटिन पडलं तर स्नायूंचा त्रास वाढतो. त्याचा उपचार सुरू झाला, मग दुसरं स्टॅटिन लहान डोसपासून पुन्हा सुरू केलं. आता दादा पंचगंगेपर्यंत चालत जाऊन येतो.

लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजचा २०२० मधला एक प्रयोग मी दादाला वाचून दाखवला होता. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेली ६० माणसं घेतली. प्रत्येकाला बारा बाटल्या: चारांत ॲटोरव्हास्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. महिन्याला एक बाटली, क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा. रोज त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६ च्या थोडं वर, आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत १५ च्या थोडं वर. त्रास खरा होता, गोळी गिळण्याने येत होता, पण त्यातला नव्वद टक्के भाग गोळीच्या आतल्या औषधाचा नव्हता. प्रत्येकाला आपापले आकडे दाखवले, तेव्हा निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. मला यातली सगळ्यात माणुसकीची गोष्ट ही वाटते की त्या डॉक्टरांनी रुग्णांना ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ म्हणून घरी पाठवलं नाही. ते त्यांच्याबरोबर वर्षभर मोजत बसले. काही थोड्या माणसांना औषधानेच त्रास होतो. त्यांच्यासाठी डोस कमी करणं, दिवसाआड देणं, रेणू बदलणं, एझेटिमाइबसारखं दुसरं औषध देणं असे रस्ते आहेत. पण आधी विचारून, तपासून घ्यायला वेळ लागतो, आणि आपल्याकडच्या ओपीडीत नेमका तोच नसतो.

मधुमेहाचा प्रश्नही खरा आहे. लहान-मध्यम डोसच्या स्टॅटिनने नव्याने मधुमेह होणाऱ्यांचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढतं. हा आकडा असा ऐकला की घाबरायला होतं. चाचण्यांतला प्रत्यक्ष फरक असा आहे: वर्षाला शंभरात १.२ ऐवजी १.३ माणसं. त्यातलीही बहुतेक आधीच साखरेच्या उंबरठ्यावर उभी असतात.

फायद्याचा आकडासुद्धा याच काट्यावर तोलावा लागतो, आणि इथे दादाचा आणि माझा रस्ता वेगळा होतो. १९९४ मध्ये उत्तर युरोपातल्या, आधीच हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांवरचा सिमव्हास्टॅटिनचा अभ्यास आला. पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात औषध नसलेल्या गोळीच्या गटातले २५६ गेले, औषधाच्या गटातले १८२. प्रत्येक गटात बावीसशे माणसं. ज्याला एकदा अटॅक आला, ज्याला स्टेंट बसला, त्याने ‘आधी आहार करून बघतो’ म्हणणं मला धोक्याचं वाटतं, आणि दादाला मी हे रोखठोक सांगितलं. स्टेंट एका जागी बसतो. बाकीच्या रक्तवाहिन्या त्याच रक्तावर चालायच्या असतात. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधून दुसरा अभ्यास आला: अटॅक न आलेले, पण कोलेस्टेरॉल बरंच जास्त असलेले साडेसहा हजार मध्यमवयीन पुरुष. पाच वर्षांत गोळीशिवाय शंभरातल्या ७.९ जणांना अटॅक आला किंवा हृदयविकाराने मृत्यू आला, गोळी घेणाऱ्यांत ५.५ जणांना. टक्केवारीत ३१ टक्के घट, आणि शंभर माणसांत दोन-तीन माणसं. दोन्ही वाक्यं खरी आहेत. ती दोन-तीन माणसं कोण, हे आधी कुणालाच सांगता येत नाही, म्हणून अजून अटॅक न आलेल्या माणसाने थांबून विचार करणं, आहाराला प्रामाणिक वेळ देणं हे पूर्ण योग्य आहे. मी तेच केलं.

आणि मग मला तो अभ्यास सापडला, ज्याने माझ्या डोक्यातला सगळा प्रश्नच फिरवला. २००६ मध्ये डलासच्या जोनाथन कोहेन आणि हेलन हॉब्स यांनी सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की काही माणसांत पीसीएसके-९ नावाचं एक जनुक जन्मतःच निकामी असतं आणि त्यामुळे त्यांचं एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. ज्या कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांत हे पाहिलं, त्यांच्यात एलडीएल २८ टक्क्यांनी कमी होतं. आणि हृदयविकार? ८८ टक्क्यांनी कमी. आता शेजारी ठेवा: पन्नाशीत गोळी सुरू करून एलडीएल तेवढंच उतरवलं, तर पाच वर्षांत धोका साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो. आकडा तोच, फळात एवढं अंतर. कारण रक्तवाहिनीच्या भिंतीत जे साचतं, ते वर्षानुवर्षं थोडं थोडं साचतं. कर्जावरच्या व्याजासारखं ते मुद्दलापेक्षा मुदतीवर चढतं.

जेनकिन्स यांच्या ताटाने महिन्याभरात जवळपास तेवढीच घट केली होती. घरच्या ताटाने त्याच्या निम्मी होते. पण निम्मी घट पंचवीस-तीस वर्षं टिकली, तर तिचं मोल पन्नाशीत घाईने सुरू केलेल्या मोठ्या डोसला कमी लेखायला लावेल इतकं असू शकतं. आपण आहार कधी बदलतो? रिपोर्ट आल्यावर. म्हणजे ज्या वयात तो एकटा पुरण्याची शक्यता सगळ्यात कमी, नेमकं त्याच वयात त्याच्यावर सगळा भार टाकतो. आणि तो पुरला नाही की आहाराला नावं ठेवतो, नाहीतर गोळीला हार समजतो. डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ आमच्या आईने वडिलांच्या मागे, स्वतःच्या पैशांनी आणलं होतं. ती ते वाचायची आणि म्हणायची, हे आधी हाती पडायला हवं होतं. आधी म्हणजे किती आधी, हे मला आता उमगतं.

आपल्याला हे ‘आधी’ इतरांपेक्षा लवकर गाठावं लागतं. ५२ देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचं सरासरी वय ५३ निघालं, बाकीच्या देशांत ५९ च्या आसपास. वडिलांचं वय आठवून मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला.

माझा निर्णय असा झाला. १३१ हा आकडा वडिलांच्या इतिहासासकट डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम दाखवणारा सीटी स्कॅन करायला सांगितला, आणि त्यात थोडं कॅल्शियम दिसलं. ते म्हणाले, ‘ताई, तुमच्या खाण्याने जे करायचं ते केलं. आता लहान गोळी जोडू या. खाणं सोडायचं नाही.’ मी मान्य केलं आणि मला त्यात हरल्यासारखं काहीच वाटलं नाही. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल जेमतेम सहा टक्के आणखी उतरतं. आणि अभ्यासांचा एकत्र हिशेब सांगतो की गोळीला इसबगोलाची जोड दिली तर साधारण तेवढाच परिणाम मिळतो. म्हणजे ताट टिकवलं तर गोळी लहान ठेवता येते. दुष्परिणाम टाळण्याचा याहून साधा मार्ग मला माहीत नाही.

राहिला माझा भाचा, म्हणजे दादाचा मुलगा. वय एकोणतीस, नोकरी पुण्यात, जेवण ऑनलाइन मागवलेलं. गेल्या दिवाळीत त्याने विचारलं, ‘आत्या, मला आत्ता काय करायचंय?’ मी त्याला एकदा लिपिड प्रोफाइल आणि सोबत लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला एलडीएलसारखाच एक कण, तपासून घ्यायला लावलं. हे लायपोप्रोटीन-ए वारशाने येतं, आपल्या लोकांत बरेचदा जास्त असतं, ते खाण्याने उतरत नाही आणि स्टॅटिननेही नाही, आणि आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. भारतातल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या सूचनांतही ते आहे. त्याचं लायपोप्रोटीन-ए वाढलेलं निघालं. एलडीएल १२४. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, बाकी सगळं कमी ठेवायला सांगितलं: एलडीएल, वजन, रक्तदाब, आणि सिगारेट तर नकोच. वहिनींनी दुसरी कढई बंद केली आहे. आता घरात सगळ्यांसाठी एकच आमटी होते, मोजलेल्या तेलाची, आणि भाचा पुण्याला जाताना दर वेळी तिथल्या डब्यात भरायला जवसाची चटणी घेऊन जातो. पुढची तपासणी त्याची वर्षाने आहे, माझी त्याच्या आधी.